परकीय निधी, नभोवाणी आणि वांशिक तणाव

अमेरिकी काँग्रेसच्या निधीवर चालणाऱ्या रेडिओ लिबर्टीने एप्रिल २००२ मध्ये उत्तर कॉकेशससाठी अवार, चेचेन आणि चेर्केसी भाषांतून प्रसारण सुरू केले. चेचन्यात तेव्हा युद्ध चालू होते. रशियाने या प्रसारणास तीव्र आक्षेप घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, या नभोवाणीच्या मॉस्को कार्यालयास मान्यता देणारा येल्त्सिन यांचा १९९१ चा आदेश पुतिन यांनी रद्द केला.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत : पैसा कोणाचा आणि वार्ता खरी का? निधी देणाऱ्याचे हितसंबंध विषयांच्या निवडीत उमटू शकतात. परंतु तेवढ्याने वार्ता असत्य ठरत नाही. स्वभाषेत विश्वसनीय वार्ता न मिळणारा समाज परक्या आवाजाकडे वळतो. म्हणून केवळ बंदीने तणाव शमत नाही. त्यासाठी देशातच त्या भाषांना मुक्त व्यासपीठ मिळावे लागते.