स्विस घड्याळ स्वस्त होईल, पण ठाण्यात ते उघडेल कोण?

१ ऑक्टोबर २०२५ला भारताचा स्वित्झर्लंडसह एफ्टा देशांशी झालेला व्यापार करार लागू झाला आणि स्विस घड्याळांवरची आयात ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरू लागली. तेव्हापासून ओळखीतले तिघेचौघे ‘आता एक स्विस ऑटोमॅटिक घ्यायचंच’ म्हणत आहेत. म्हणून दोन घड्याळं घेऊन टेंभी नाक्याजवळच्या एका घड्याळजीकडे गेलो. एक वडिलांची चावीची एचएमटी ‘जनता’. दुसरं मित्राचं स्विस, लाखाच्या घरातलं, आत ईटीए कंपनीचं २८२४ मशीन असलेलं.

डोळ्याला भिंग लावून त्यांनी दोन्हींची मागची झाकणं उघडली. तत्त्व एकच: गुंडाळलेली कमान सुटू पाहते, एस्केपमेंट तिला थोडी थोडी सोडतं आणि बॅलन्स व्हील त्याचा ताल धरतं. जनताचा ताल तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. स्विस मशीनचा २८,८००, सेकंदाला आठ. ठोके जास्त असले की मनगटाच्या हिसक्यांनी चाल कमी बिघडते आणि सेकंदकाटा तरंगत गेल्यासारखा दिसतो. चाकांच्या आसांना आधार देणारी माणकं जनतात १७, स्विसमध्ये २५. ती कृत्रिम असतात, त्यांची किंमत फारशी नसते. चावीच्या घड्याळाला १७ पुरतात. वरची बहुतेक आपोआप चावी देणाऱ्या चाकांसाठी.

आता वेळेचा हिशेब. दिवसाचे सेकंद ८६,४००. स्वित्झर्लंडची क्रोनोमीटर चाचणी मशीनला दिवसाकाठी उणे चार ते अधिक सहा सेकंदांची मुभा देते. जुनं पण नीट ऑइलिंग केलेलं घड्याळ वीस सेकंद पुढे गेलं, तरी चूक टक्क्याच्या चाळिसाव्या भागाहूनही कमी. त्यासाठी डोंबिवलीची लोकल चुकत नाही. लाखाचे पैसे नीलमण्यासारख्या कडक काचेला, पावसात टिकणाऱ्या केसला आणि घोटीव फिनिशिंगला जातात. ठाण्याच्या जुलैत केसचं मोल खरंच मोठं आहे. जनता मी पावसाळ्यात कपाटात ठेवतो.

पण दुरुस्तीच्या प्रश्नाने मला जास्त छळलं. स्विस कंपन्यांनी गेल्या काही दशकांत सुटे भाग बाहेरच्या कारागिरांना देणं कमी कमी केलं. घड्याळ अधिकृत केंद्रातच द्यायचं, तिथला दर द्यायचा आणि वाट पाहायची. २८२४ निदान जगभर पसरलेलं मशीन आहे, आमचे घड्याळजी ते हातात घेतात. कंपनीचं स्वतःचं खास मशीन असेल तर ते नम्रपणे परत देतात. माझं स्पष्ट मत आहे: जे घड्याळ तुमच्या गावात उघडता येत नाही, ते पूर्णपणे तुमचं झालेलं नाही.

जनताची अडचण उलटी: उघडणारे आहेत, पण अस्सल घड्याळ मिळणं अवघड. १९६१ साली बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा कारभार गुंडाळायला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६मध्ये मंजुरी दिली. त्यानंतर जुन्या मालाची मागणी वाढली आणि रंगवलेल्या डायलची, जोडतोड केलेली घड्याळं सर्रास विकली जाऊ लागली. जगभरचे संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं चिकटावं याचं मला वाईट वाटतं. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेला डायल झगझगीत नवा दिसला, की झाकण उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आतलं मशीन दुसऱ्याच घड्याळाचं असू शकतं.

आणि तरीही मी प्रथम घड्याळ घेणाऱ्याला जनताच सुचवेन. काही हजारांत मिळते, रोज सकाळी चावी द्यावी लागते, प्लास्टिकच्या काचेवरचे ओरखडे घासून जातात, आणि ती उघडायला घाबरणारा घड्याळजी मला अजून भेटलेला नाही.

सुटे भाग कुठून आणता, असं मी विचारलं. त्यांनी खण ओढला. त्यात पट्टे नसलेली, काटे गळालेली पन्नासेक एचएमटी पडली होती. माझ्या वडिलांच्या जनताला बसवलेला चावीचा दांडा त्यातल्याच एकीतला.