फाशाला तिथी कळत नाही (लेखांक ७)

आजचा ठरलेला विषय आठवडाभर पुढे ढकलतो. वरळी कोळीवाड्यातल्या एका तरुण वाचकाचं पत्र आलंय आणि त्याचा प्रश्न बाजूला सारून पुढे जाववत नाही.

हा रॅग्नारॉक ऑनलाइन खेळतो. हत्यारात सॅव्हेज बेब कार्ड आहे. म्हणजे प्रत्येक लागलेल्या वाराला समोरचा स्टन (क्षणभर सुन्न) होण्याची शक्यता ५ टक्के. असा परिणाम लागू झाला की खेळाडू त्याला 'प्रॉक' म्हणतात. तो लिहितो, "साठ वार मोजले, एकदाही प्रॉक झाला नाही. वीस वारांत एकदा तरी व्हायला हवा ना?"

नाही. सर्व्हर दर वाराला, फासा टाकावा तसा, नवा आकडा काढतो. आधीचे एकोणीस वार त्याच्या खिजगणतीतही नसतात. वार कोरडा जाण्याची शक्यता ०.९५. ही संख्या वीस वेळा घेऊन गुणाकार केला की येतात ०.३६. शंभर खेळाडूंनी वीस-वीस वार केले, तर त्यांतल्या सुमारे ३६ जणांना एकही स्टन मिळणार नाही. साठ वारांनंतरही शंभरात चार-पाच जण रिकाम्या हातीच असतात. शिवाय समोरच्याची व्हिट (व्हायटॅलिटी) जितकी जास्त, तितका स्टन लागणं अवघड. बॉसला तर तो लागतच नाही. त्यामुळे प्रत्यक्षातली शक्यता ५ टक्क्यांहूनही कमी असू शकते. मित्रा, कुणावर वार करत होतास, ते तू लिहिलेलं नाहीस.

कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला हे पटायला जड जाणार, हे मी समजू शकतो. समुद्राला तिथी कळते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग (मंद भरती), त्यावर डोल जाळं लावायची वेळ ठरते. फाशाला यातलं काहीच कळत नाही.

पण फाशाला आठवण देता येते, आणि माझा जीव खरा तिथे गुंतलाय. २००२च्या वॉरक्राफ्ट ३ मध्ये आणि पुढे डोटा २ मध्ये नेमकं हेच केलं गेलं. परिणामावर २५ टक्के लिहिलेलं असतं, पण पहिल्या वाराला शक्यता असते जेमतेम साडेआठ टक्के. तो कोरडा गेला की पुढच्याला सतरा, मग साडेपंचवीस, अशी ती चढत जाते. प्रॉक झाला की पुन्हा साडेआठवर. सरासरी २५चीच राहते, पण बारावा वार कोरडा जाऊच शकत नाही. साध्या फाशात सलग बारा वार कोरडे जाण्याची शक्यता तीन टक्क्यांहून जास्त असते.

यात एक पळवाट आहे. मुरलेले खेळाडू आधी एखाद्या फुटकळ प्राण्यावर कोरडे वार साठवतात आणि शक्यता चढली की खऱ्या शत्रूकडे वळतात. तरीही माझं मत ठाम आहे : स्टनसारख्या, एका फटक्यात लढाई फिरवणाऱ्या परिणामाला आठवण असलेलाच फासा हवा. साध्या फाशाने माणूस स्वतःच्या खेळामुळे हरला की नशिबामुळे, हेच कळेनासं होतं. किरकोळ जादा डॅमेजला मात्र साधा फासा पुरतो.

आता कार्ड तपासायचंच असेल, तर कमी व्हिटच्या, बॉस नसलेल्या राक्षसांवर हजार वार मोज. ३६ ते ६४ स्टन आले, तर कार्डात काहीही बिघाड नाही.