राजभाषेची वाट (भाग ७) : साक्षी संपल्यानंतर

मागचा भाग राजभाषा आयोगाच्या दौऱ्यापाशी थांबला होता. ७ जून १९५५ रोजी नेमलेला हा एकवीस जणांचा आयोग. अध्यक्ष बाळासाहेब खेर, मूळचे रत्नागिरीचे, मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री. आयोगाकडे हजारावर लेखी निवेदने आली, नऊशेवर माणसांनी समक्ष साक्ष दिली. मग दप्तर बांधले गेले आणि १९५६च्या मध्यावर अहवाल राष्ट्रपतींच्या हाती पडला.

साक्ष देऊन माणूस घरी जातो, तेव्हा त्याचे म्हणणे लिहिणाऱ्याच्या स्वाधीन झालेले असते. बहुमताने लिहिले, की देशभरच्या माध्यमिक शाळांत हिंदी सक्तीची असावी. मात्र हिंदी मुलखातल्या मुलांना दक्षिणेची एखादी भाषा तशीच सक्तीने शिकवावी, हे आयोगाला पटले नाही. ओझे एकाच खांद्यावर आले. अहवालाचा हा सर्वांत कच्चा दुवा म्हणावा लागेल, कारण हिंदी स्वीकारायला तयार असलेल्यांच्या मनातही इथेच अढी बसू शकत होती.

दोन सदस्यांनी वेगळे मत नोंदवले : मद्रासचे डॉ. पी. सुब्बरायन आणि बंगालचे भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी. चटर्जी तर एकेकाळी हिंदीचे पुरस्कर्ते होते. अशा माणसाने हिंदी आणण्याच्या घाईला विरोध करावा, याचे वजन मोठे होते. बहुमताच्या मजकुरात जे मावले नाही, ते या दोन टिपणांमुळे सरकारी कागदावर टिकून राहिले.

राज्यघटनेच्या ३४४व्या अनुच्छेदानुसार पुढचे काम संसदीय समितीचे होते. लोकसभेचे २०, राज्यसभेचे १०. अध्यक्ष गोविंद वल्लभ पंत. ८ मार्च १९५७ला खेर गेले. आपल्या अहवालावरची संसदेतली चर्चा त्यांना ऐकता आली नाही. पंत समितीने १९५९मध्ये सुचवले, की १९६५नंतर हिंदी मुख्य आणि इंग्रजी दुय्यम भाषा असावी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेहरूंनी लोकसभेत शब्द दिला : अहिंदी भाषकांना हवी असेल तोवर इंग्रजी राहील. १९६३च्या राजभाषा कायद्याने इंग्रजीला १९६५नंतरही वाट मोकळी ठेवली. पण इंग्रजी वापरता ‘येईल’, एवढेच कायदा म्हणत होता. वापरली ‘जाईलच’ असे नव्हे. नेहरूंचा शब्द कायद्यात पुरता उतरला नाही, ही दक्षिणेची तक्रार रास्त होती.

एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. घटनेच्या त्याच ३४४व्या अनुच्छेदात, घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांनी दुसरा आयोग नेमण्याची तरतूद आहे. तो आयोग कधी नेमलाच गेला नाही. १९६३च्या कायद्याखाली १९७६मध्ये स्थापन झालेली संसदीय राजभाषा समिती आजही गावोगाव जाते, पण तिची तपासणी असते केंद्र सरकारी कार्यालयांची : हिंदीत किती पत्रे गेली, किती कर्मचाऱ्यांना हिंदी येते. खिडकीपुढे रांगेत उभ्या माणसाला कोणती भाषा कळते, हे त्यालाच विचारणे या समितीच्या कामात येत नाही.

(पुढील भाग : २६ जानेवारी १९६५, मद्रास)