सही केलेले टोकन आणि बंद लखोटा

संकेतस्थळावर एकदा परवलीचा शब्द देऊन प्रवेश केला की पुढच्या प्रत्येक पानावर तो पुन्हा द्यावा लागत नाही. प्रवेशाच्या वेळी सर्व्हरकडून एक डिजिटल ओळखपत्र मिळते आणि नंतरच्या प्रत्येक विनंतीबरोबर ते आपोआप दाखवले जाते. या ओळखपत्राला ‘टोकन’ म्हणतात. त्याचा एक प्रचलित प्रकार म्हणजे ‘जेसन वेब टोकन’. ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ या संस्थेने मे २०१५ मध्ये ‘आरएफसी ७५१९’ या दस्तऐवजाद्वारे त्याचा नमुना निश्चित केला.

सही केलेल्या टोकनाचे टिंबांनी विभागलेले तीन भाग असतात. पहिल्या भागात सहीची पद्धत, दुसऱ्यात प्रत्यक्ष मजकूर, म्हणजे धारक कोण, टोकन कोणी दिले, मुदत केव्हा संपते, आणि तिसऱ्यात सही. मजकूर अगम्य अक्षरांसारखा दिसत असला तरी ते कुलूप नसून केवळ ‘बेस६४’ नावाचे लिप्यंतर असते. कोणीही ते क्षणात उलगडू शकतो. असे टोकन म्हणजे सही केलेले पोस्टकार्ड. त्यात खाडाखोड केली तर ती पडताळणीत उघडकीस येते, पण वाटेत ते वाचण्यास कोणालाही मज्जाव नसतो.

गोपनीयता हवी असेल तर मजकूर कूटबद्ध करावा लागतो, म्हणजेच पत्र लखोट्यात घालावे लागते. अशा टोकनाची प्रचलित मांडणी पाच भागांची असून तिचे नियम ‘आरएफसी ७५१६’ मध्ये आहेत. सही आणि गोपनीयता दोन्ही हवी असल्यास आधी सही करून मग कूटबद्ध करावे, असा संकेत आहे.

यामागचे गणित प्रोग्रॅमरला स्वतः लिहावे लागत नाही. त्यासाठी तयार सॉफ्टवेअर लायब्ररी मिळतात. मात्र सहीची पद्धत कोणी ठरवायची, हा प्रश्न कळीचा ठरतो. २०१५ मध्ये अनेक लायब्ररींतील एक गंभीर दोष उघड झाला. टोकनाच्या पहिल्या भागात ‘सही नाही’ अशी पद्धत लिहिलेली असली, तर त्या सहीविना आलेले टोकनही खरे मानत. संशयितालाच पंचनामा लिहायला सांगण्यासारखा हा प्रकार होता. म्हणूनच पायथॉन भाषेतील ‘पायजेडब्ल्यूटी’ या लायब्ररीच्या २.० आवृत्तीपासून, सही पडताळताना कोणत्या पद्धती मान्य आहेत हे प्रोग्रॅमरने स्पष्टपणे सांगणे बंधनकारक झाले.

लायब्ररी अद्ययावत ठेवणेही तितकेच निकडीचे आहे. एप्रिल २०२२ मध्ये जावाच्या १५ ते १८ या आवृत्त्यांतील एक त्रुटी जाहीर झाली. ‘ईसीडीएसए’ पद्धतीच्या सहीतील दोन्ही संख्या शून्य असल्या, तरी ती सही कोणत्याही मजकुरासाठी वैध ठरत होती. त्याच महिन्यात ओरॅकलने दुरुस्ती प्रसिद्ध केली.

सारांश, सहीची मान्य पद्धत सर्व्हरने आधीच निश्चित करावी, मुदत थोडी ठेवावी आणि किल्ली प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहून ठेवू नये. परवलीचा शब्द किंवा खात्याचा तपशील केवळ सही केलेल्या टोकनात घालणे म्हणजे तो पोस्टकार्डावर लिहून धाडणे होय.