एका खोलीत कुत्रा आणि मांजर

आपल्या पालघर-बोईसर पट्ट्यात घर बदलणं कुणाला नवं नाही. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. एमआयडीसीत कामाला म्हणून लांबलांबच्या जिल्ह्यांतून माणसं आली. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत जायला लागली, तेव्हा मुंबईचं भाडं न परवडणारी कितीतरी कुटुंबं विरारच्या पुढे सरकली. आणि इथलंही भाडं परवडेना झालं की दोन घरं एक होतात. भाऊ भावाकडे येतो, नवरा गेलेली बहीण मुलांना घेऊन येते, एकटी पडलेली सासू गावाहून येते. कपाट कुठे, गाद्या कुठे यावर चर्चा होते. पण एका घरात कुत्रा आहे आणि दुसऱ्या घरातून मांजर येणार आहे, याचा विचार टेम्पो दारात उभा राहीपर्यंत कुणी करत नाही.

मग उपाय एकच सुचतो. "मांजर मच्छीबाजारात सोडून या, तिथं पोट भरेल." पोट भरत नाही. घरात वाढलेलं मांजर बाजारातल्या मांजरांपुढे आणि भटक्या कुत्र्यांपुढे टिकत नाही. शिवाय पाळलेलं जनावर उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि ज्या म्हातारीचं ते मांजर आहे तिचं काय? तिचं घर गेलं, शेजार गेला, आता मांजरही गेलं. अशा बाया नंतर जेवण सोडतात, गोळ्या घेत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे.

हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असं कुणी विचारेल. वॉर्डात असताना मी चावलेले हात पुष्कळ धुतले. घरच्याच जनावरानं चावलेल्या हातांची बहुतेक वेळा एकच गोष्ट असायची : भांडण कुत्र्या-मांजराचं, आणि सोडवायला मध्ये हात घातला माणसानं.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. जुनी माणसं म्हणतात, कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला. यात तथ्य आहे. कुत्र्याला त्याचा माणूस दिसला की जागा बदललेली त्याला लवकर चालते. मांजराचा जीव जागेच्या वासात असतो. जागा बदलली की त्याच्या पायाखालची जमीनच जाते, आणि त्यात समोर भुंकणारं जनावर. म्हणून नव्या घरात आल्यावर निदान दोन-तीन आठवडे मांजराला बाहेर सोडू नका. ते जुन्या घराच्या वाटेला लागतं, आणि बोईसरच्या रस्त्यावर ट्रक-टँकर किती धावतात ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरी गोष्ट, दोघांची भाषा वेगळी. कुत्रा शेपूट हलवतो ते बहुधा खुशीनं, मांजर शेपूट आपटतं ते रागानं. कुत्रा पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करतो, म्हणजे खेळायला बोलावतो. मांजराला ती झडप वाटते. मांजर पंजा उचलतं, म्हणजे पुढे येऊ नकोस म्हणतं. कुत्र्याला तो खेळ वाटतो, आणि मग नाकावर ओरखडा. यात कुणाचीही वाईट वृत्ती नाही, आणि मारून काही शिकवता येत नाही. मार खाल्लेला कुत्रा एवढंच शिकतो की मांजर आलं की मार बसतो.

शहरी पुस्तकांतून सल्ला असतो की मांजराला आठवडाभर वेगळी खोली द्या. आपल्याकडे आहे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि मोरी. तरीही जमतं. स्वयंपाकघराला दार असेल तर ती मांजराची जागा. दार नसेल तर पोटमाळा. मोरीला दार असेल तर निदान रात्रीपुरती ती. पोटमाळ्यावर जुनी गोधडी टाका. ती धुतलेली नको, मांजराच्या जुन्या घरातली, त्याचा वास असलेली हवी. पाणी आणि खाणं एका कोपऱ्यात, आणि शी-शूसाठी रेती किंवा लाकडाचा भुसा भरलेलं घमेलं त्यापासून लांब ठेवा. घमेलं कुत्र्याच्या वाटेत नको, कारण कुत्रे मांजराची शी खातात. किळसवाणं आहे, पण खातात. आणायचं कसं, तर भाजीचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधा, वर चादर टाका. हातात किंवा पोत्यात घालून आणू नका.

पहिले तीन-चार दिवस दोघांनी एकमेकांना पाहायचंच नाही, फक्त वास घ्यायचा. जुनं बनियन मांजराच्या गालावरून फिरवा आणि कुत्र्याच्या ताटाखाली ठेवा. कुत्र्याच्या अंथरुणाचा तुकडा मांजराच्या ताटाजवळ. मग बंद दाराच्या अलीकडे एकाला, पलीकडे दुसऱ्याला एकाच वेळी खायला द्या. तो अनोळखी वास आला की पोट भरतं, हे दोघांच्या डोक्यात बसलं पाहिजे. मांजर खात नसेल तर ताट दारापासून आणखी लांब सरकवा. घाई करू नका.

दोघं निवांत खायला लागले की दाराच्या जागी जाळी. इथं आपली सोय आहे : सातपाटी-नवापूरकडे कुणी ओळखीचं असेल तर जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा मिळतो. तो दुहेरी करून चौकटीला घट्ट बांधायचा, खाली फट ठेवायची नाही. जाळीतून पाहू द्या, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यानंतरच समोरासमोर. कुत्रा आधी फिरवून दमवलेला, पोट भरलेला आणि पट्ट्याला बांधलेला हवा. पट्टा मोठ्या माणसाच्या हातात, मुलांच्या नाही. मांजर मात्र मोकळं, आणि त्याला उडी मारून चढायला कपाट किंवा पोटमाळा मोकळा. मांजराला मांडीवर दाबून धरून कुत्र्यापुढे नेणं हा सगळ्यात वाईट प्रकार. ते सुटायला तुमचीच छाती आणि तोंड ओरबाडतं.

या वेळी लक्ष कुत्र्याकडे ठेवा. भुंकतो म्हणून घाबरू नका. गप्प झालेला, अंग ताठ केलेला, पापणी न हलवता मांजराकडे रोखून पाहणारा कुत्रा जास्त धोक्याचा. तो शिकारीच्या तयारीत असतो. हाक मारल्यावर मान वळवली तर बिस्किटाचा तुकडा द्या. वळवत नसेल तर शांतपणे बाहेर न्या, उद्या पुन्हा. काही घरांत आठवड्यात जमतं, काही घरांत दोन महिने लागतात. आणि एखादा कुत्रा असा असतो की ज्यानं पूर्वी मांजरं मारलेली आहेत. तिथं दोघांना कायम वेगळं ठेवायचं किंवा ओळखीत चांगलं घर शोधायचं, हे मान्य करावं लागतं. मांजराचं पिल्लू असेल तर मोठ्या कुत्र्यापाशी एक मिनिटही एकटं नको. कुत्रा खेळात पंजा मारतो तेवढ्यानंही ते दगावतं.

एमआयडीसीच्या पाळ्यांची एक वेगळीच अडचण असते. सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं, पण रात्रपाळीचा माणूस पहाटे येतो आणि झोपेच्या डोळ्यांनी दार उघडतो. म्हणून दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा : मांजर आत आहे. सगळी मोठी माणसं कामावर गेली की पहिला महिना-दीड महिना दोघं वेगळे बंद.

तरी भांडण लागलंच तर हात घालू नका. जाड गोधडी अंगावर टाका, बादलीभर पाणी ओता, पाट किंवा मोठं ताट मध्ये सरकवा.

आता औषधांचं. दोघांनाही रेबीजची लस हवी. मांजराला नको असं खूप जणांना वाटतं, पण रेबीज मांजरालाही होतो आणि मांजरापासून माणसालाही. तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग जनावरांचे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. दोघांची जंताची औषधं एकाच वेळी द्या. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या पर्मेथ्रिननं मांजर तडफडून मरतं. कुत्र्याला ते लावलं असेल तर वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका. काळं फिनेलही मांजराला विषारी, कारण ते पाय चाटतं. आणि ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉलचा तुकडा देणारी मायाळू माणसं मला भेटली आहेत. अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

नव्या घराच्या धास्तीनं मांजर कोपऱ्यात बसून राहतं, एक दिवस खात नाही, इथपर्यंत ठीक. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठा. बोका घमेल्यात पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाही, तर त्याच दिवशी. लघवी तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत मरतो, आणि घरचे समजतात की कुत्र्याच्या भीतीनं गेला.

घरात गरोदर बाई असेल तर मांजर हाकलायची गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजराच्या शीमधून पसरू शकतो, पण तो बाधण्याजोगा व्हायला एक दिवस तरी लागतो. घमेलं रोज साफ करायचं, आणि ते काम नवऱ्यानं किंवा घरातल्या दुसऱ्यानं करायचं. कच्चं मटण चिरल्यावर हात धुणं आणि ते पूर्ण शिजवणं हेही तेवढंच महत्त्वाचं.

आणि चावलं किंवा ओरबाडलं तर. हळद नको, चुना नको, तिखट नको, तेल नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांत कंटाळा येतो म्हणून सांगते, पूर्ण पंधरा. मग त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात. लस तिथं फुकट मिळते. कुत्रा घरचा आहे, लस दिलेली आहे, दहा दिवस बघू, असं स्वतः ठरवू नका. जनावरावर दहा दिवस लक्ष ठेवायचं ते खरं, पण आपली लस थांबवून नाही. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही. रक्त आलं असेल किंवा आधीच्या जखमेवर लाळ लागली असेल तर नुसत्या लसीवर भागत नाही, जखमेत सिरम द्यावं लागतं. ते विचारून घ्या, लाजू नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारा. मांजराचा दात सुईसारखा आत जातो, वरून फक्त ठिपका दिसतो आणि दुसऱ्या दिवशी हात सुजून येतो. ती सूज घरी शेकत बसू नका, अँटिबायोटिक लागतं.

सरकारी दवाखान्यात लस बहुधा कातडीत देतात. पहिला दिवस धरायचा शून्य, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. दंडात देत असतील तर चौदाव्या दिवशीही एक. तिसऱ्या इंजेक्शनपर्यंत जखम भरलेली असते, खाडा परवडत नाही, म्हणून शेवटचं इंजेक्शन राहून जातं. कंपनीच्या सुपरवायझरला आधीच तारीख सांगून ठेवा. आणि तो लसीचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवा. पुढे कधी पुन्हा चावलं तर पूर्वी पूर्ण कोर्स झालेल्याला शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी अशी दोनच इंजेक्शनं लागतात, सिरम लागत नाही. पण त्यासाठी डॉक्टरांना तो कागद दाखवावा लागतो.