बंदरातील गाळाचा खर्च कोणाच्या माथी?

बंदर खोल करावयाचे तर गाळ उपसायचा आणि दूर समुद्रात नेऊन टाकायचा, असा गोदीच्या कामाचा जुना हिशेब. हॉलंडमधील रॉटरडॅम बंदरात तो साफ चुकला.

हे बंदर ऱ्हाईन नदीच्या मुखाशी आहे. दरवर्षी एक कोटी घनमीटरहून अधिक उपसा तेथे करावा लागतो. पूर्वी हा गाळ सखल जमिनीत भरावासाठी जात असे. पुढे तपासणीत त्यात कॅडमियम, पारा, जस्त आढळले. मग तो जमिनीवर चालेना आणि समुद्रातही टाकता येईना. अखेर १९८७ मध्ये समुद्रकाठी भोवताली बांध घालून १५ कोटी घनमीटर गाळ मावेल असा प्रचंड हौद तयार करण्यात आला. त्याचे नाव स्लुफ्टर.

पण रॉटरडॅमकर पक्के व्यापारी! घाण वरच्या कारखान्यांची आणि साठवणुकीचे पैसे आम्ही का भरावेत, असे त्यांनी विचारले. नदीकाठी कोणाच्या नळातून किती धातू येतो याचे नमुने घेतले आणि कारखानदारांना कळविले की, प्रमाण कमी करा, नाही तर भरपाईसाठी कोर्टात भेटू. १९९१ मध्ये जर्मन रासायनिक उद्योगांच्या संघटनेशी करार झाला. गाळ हळूहळू स्वच्छ होत गेला आणि हौद अपेक्षेपेक्षा सावकाश भरू लागला.

जड धातू मुख्यतः बारीक चिकण गाळाला धरून राहतात, वाळूला फारसे नाही. म्हणून दोन्ही वेगळे केले की विषारी माल कमी उरतो. जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरात १९९३ पासून असा कारखाना आहे.

चामडे कमावणारे, कापड रंगविणारे, मुलामा देणारे आपले कारागीर याच साखळीत आहेत. गटारात सोडलेले क्रोमियम कोठल्या तरी खाडीच्या तळाशीच जाऊन बसते. तेथवर कोणी माग काढणार नाही, हा भरवसा रॉटरडॅमनंतर धरता येत नाही.

गोदीचा ठेका घेणाऱ्यांनी टेंडर भरण्यापूर्वी गाळाचा तपासणी अहवाल मागावा, आणि तो केवळ वरच्या थराचा नसावा. वर्षानुवर्षांची घाण बहुधा खाली दबलेली असते. गाळ दूषित निघाल्यास वाढीव खर्च कोण सोसणार, हेही करारात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर ड्रेजर भाड्याने आणू नये.