अल्बमवरचा कौल कसा ठरतो

नव्या रॉक, पॉप किंवा हिप-हॉप अल्बमवर समीक्षक जो कौल देतो, त्याचे दोन भाग असतात. एक म्हणजे काही शे शब्दांचा मजकूर आणि दुसरा म्हणजे त्याच्या माथ्यावर किंवा पायाशी छापलेली खूण. ही खूण कुठे ताऱ्यांची असते, कुठे इंग्रजी अक्षराची, कुठे दशांशातल्या आकड्याची. हिप-हॉपच्या ‘द सोर्स’ या अमेरिकी मासिकाने तर पाचपैकी किती मायक्रोफोन द्यायचे, अशी पद्धत रुजवली. वाचकाची नजर आधी खुणेवर जाते, समीक्षकाच्या कामात मात्र ती सर्वांत शेवटी येते. त्याआधीचा बहुतेक वेळ ऐकण्यात जातो, आणि कौलाचा कस लागतो तो या ऐकण्यावरच.

या कामाची घडी अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस बसली. सॅन फ्रान्सिस्कोत १९६७ साली ‘रोलिंग स्टोन’ निघाले, डेट्रॉइटमध्ये १९६९ साली ‘क्रीम’. त्याच १९६९ साली न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनी ‘कन्झ्युमर गाइड’ हे सदर सुरू केले. रेकॉर्ड ढिगांनी निघत होत्या आणि लांबलचक लेख त्यांतल्या मोजक्याच रेकॉर्डच्या वाट्याला येत. क्रिस्टगाउ यांनी एकेका अल्बमला एक छोटा परिच्छेद दिला आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी ए प्लसपासून ई मायनसपर्यंत श्रेणी लावली. सदराच्या नावात ‘ग्राहक’ आणला तोही मुद्दाम. आपण बाजाराच्या पलीकडचे आहोत असे मानणाऱ्या तेव्हाच्या तरुण श्रोत्यांना त्यांना डिवचायचे होते. रेकॉर्ड ही पैसे मोजून घेण्याची वस्तू आहे आणि पैसे वाया गेले तर तसे सांगायला हवे, ही त्यांची भूमिका होती.

त्यांची कामाची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या त्यांच्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही वाजत असे. नवी रेकॉर्ड आली की कान टवकारून बसायचे नाही. इतर कामे चालू ठेवायची आणि ती वाजू द्यायची. सीडीच्या काळात त्यांनी पाच डिस्क मावणारा चेंजर वापरला. एकामागून एक अल्बम फिरत राहत आणि हातातल्या कामावरून मन ज्याच्याकडे ओढले जाई, तो बाजूला काढला जाई. लक्षपूर्वक ऐकण्याची पाळी त्यानंतरची. वरच्या श्रेणीचा अल्बम त्यांच्या लेखी तो, जो पुनःपुन्हा लावावासा वाटतो आणि लावल्यावर दर वेळी काही नवे देतो. बी प्लसमध्ये काहीतरी लक्षणीय असते, पण तो अधूनमधून सामान्यपणाकडे झुकतो. निकृष्ट अल्बमवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही असे वाटल्यावर १९९० साली त्यांनी पद्धत बदलली आणि जागा मुख्यतः बी प्लस व त्यावरच्या अल्बमसाठी राखली.

पहिले ऐकणे फसवे असते. पहिल्यांदा कानात भरते ती चटकन पकड घेणारी धून, भारी बास आणि स्वच्छ रेकॉर्डिंग. मोठ्या खर्चाने केलेल्या पॉप अल्बममध्ये हे हटकून असते. चौथ्या-पाचव्या वेळी तीच धून पोकळ वाटू लागते आणि आधी कंटाळवाणे वाटलेले गाणे उलगडू लागते. म्हणून अनुभवी समीक्षक पहिल्या खेपेला फारसे लिहीत नाही. पुढच्या खेपांना तो मिनिट-सेकंद टिपतो, शब्द कागदावर वाचतो, श्रेयनामावली तपासतो, सॅम्पल, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा, कुठून घेतला ते शोधतो. हेडफोनवर ऐकून झाले की स्पीकरवर ऐकतो, कारण हिप-हॉपचा बास खोलीत जसा पसरतो तसा कानात पसरत नाही.

अशा ऐकण्याचे एक उदाहरण पाहू. नाझ या न्यूयॉर्कच्या रॅपरचा ‘इलमॅटिक’ एप्रिल १९९४ मध्ये आला. तेव्हा तो २० वर्षांचा होता. प्रारंभीचा तुकडा धरून १० ट्रॅक आणि लांबी ४० मिनिटांच्या आत. सीडीवर ७० मिनिटांहून जास्त संगीत मावत असताना आणि रॅप अल्बममध्ये संवादाचे तुकडे भरण्याची चाल पडलेली असताना हा आटोपशीरपणा समीक्षकाने ध्यानात घ्यावा असाच होता. दुसऱ्या ट्रॅकवर प्रोड्यूसर डीजे प्रीमियरने पियानोच्या खालच्या पट्टीतले मोजके सूर फिरवत ठेवले आहेत. सजावट जवळजवळ नाहीच. त्यावर नाझची ओळ मात्रांच्या सीमेवर थांबत नाही. ती पुढच्या आवर्तनात सांडते आणि यमके ओळीच्या पोटात जुळत जातात. तिसऱ्या ट्रॅकच्या शेवटी कॉर्नेट ऐकू येते, ती वाजवली आहे नाझचे वडील, जॅझवादक ओलू डारा यांनी. ही माहिती नसतानाही तो स्वर कानाला अडतो, माहिती झाल्यावर गाण्याला आणखी एक पिढी जोडली जाते. प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर आणि एल.ई.एस. अशा निरनिराळ्या प्रोड्यूसरांचे बीट असूनही अल्बम एकसंध राहतो. तो का, हे सांगता आले तरच समीक्षा पुरी होते.

‘द सोर्स’मध्ये ‘इलमॅटिक’ची समीक्षा मिन्या ओ या तरुण लेखिकेने ‘शॉर्टी’ या टोपणनावाने लिहिली आणि अल्बमला पाच मायक्रोफोन मिळाले. एकट्या लेखिकेच्या हातात हे नव्हते. मायक्रोफोनची संख्या ‘माइंड स्क्वॉड’ नावाच्या संपादकीय मंडळींत ठरे आणि पूर्ण पाच देताना हात आखडता असे. डॉ. ड्रे यांच्या गाजलेल्या ‘द क्रॉनिक’लाही साडेचारच मिळाले होते. १९९६च्या सुमारास निघालेल्या ‘पिचफोर्क’मध्येही लेखक आकडा सुचवतो, पण ०.० ते १०.० यांमधला अंतिम आकडा संपादकांशी बोलून ठरतो. मजकूर एकाचा आणि आकडा अनेकांचा, यामुळे दोहोंचा सूर कधीकधी जुळत नाही. अशा वेळी विश्वास ठेवावा तो मजकुरावर, कारण त्यात कारणे दिलेली असतात.

ऐकण्याला वेळ लागतो आणि तोच आता आक्रसला आहे. पूर्वी प्रकाशनाच्या कित्येक आठवडे आधी रेकॉर्ड कंपनी प्रत धाडत असे आणि ठरलेल्या तारखेपर्यंत काही छापायचे नाही, असा संकेत असे. गाणी फुटू लागल्यावर प्रत्येक प्रतीवर समीक्षकाच्या नावाची अदृश्य खूण बसवली जाऊ लागली. नंतर रेडिओहेड या बँडने २००७ साली ‘इन रेनबोज’ दहा दिवसांच्या पूर्वसूचनेने सर्वांना एकदमच दिला. बियॉन्सेने १३ डिसेंबर २०१३ रोजी तर कसलीच सूचना न देता अल्बम आणला. समीक्षक आणि श्रोता एकाच क्षणी ऐकू लागले की संपादकाला मजकूर तातडीने हवा असतो. अशा कौलात पहिल्या ऐकण्याची चमक असते, तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यातला संशय नसतो. कान्ये वेस्टचा २०१६चा ‘द लाइफ ऑफ पाब्लो’ प्रकाशनानंतरही बदलत राहिला, तेव्हा नेमके कशाला गुण द्यायचे हाच प्रश्न उभा राहिला.

आकड्याचे परिणाम खरे असतात. ‘पिचफोर्क’ने २००४ साली आर्केड फायर या माँट्रियलच्या बँडच्या ‘फ्युनरल’ला ९.७ दिले आणि त्या रेकॉर्डची मागणी पुरवणे तिच्या छोट्या कंपनीला जड गेले. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसनच्या ‘ट्रॅव्हिस्टन’ला ०.० मिळाले. त्या एका दिवसात लोकांची आपल्याकडे पाहण्याची नजरच बदलली, असे त्याने पुढे सांगितले. फसलेल्या रेकॉर्डला फसलेली म्हणणे हे समीक्षकाचे कर्तव्यच आहे. पण शून्याने अल्बमविषयी काही कळत नाही, फक्त दार बंद होते. २००१ साली सुरू झालेल्या ‘मेटाक्रिटिक’ने निरनिराळ्या ठिकाणचे कौल शंभरपैकी गुणांत बदलून त्यांची भारित सरासरी काढली. तिथे क्रिस्टगाउ यांचा बी प्लस ८३ गुणांचा होतो आणि त्यामागचा अटी-शर्तींनी भरलेला परिच्छेद मागे राहतो.

वर्षअखेरीस निवाडा पुन्हा एकदा होतो. ‘व्हिलेज व्हॉइस’च्या ‘पॅझ अँड जॉप’ या मतदानात प्रत्येक समीक्षक १० अल्बमना मिळून १०० गुण वाटत असे, एका अल्बमला कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त ३०. वर्षभर सोबत राहिलेला अल्बम इथे वर येई आणि घाईने डोक्यावर घेतलेला घसरे. आणखी मोठी दुरुस्ती काळ करतो. ‘रोलिंग स्टोन’ने १९६९ साली लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमची जॉन मेंडेलसन यांच्याकरवी खरडपट्टी काढली आणि २००३ साली सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमच्या यादीत त्यालाच २९वे स्थान दिले. ‘पिचफोर्क’ने २०२१ साली आपलेच जुने १९ आकडे पुन्हा तपासले. डाफ्ट पंकचा ‘डिस्कव्हरी’ ६.४ वरून १०वर गेला, इंटरपोलचा ‘टर्न ऑन द ब्राइट लाइट्स’ ९.५ वरून ७वर आला.